जुन्या खात्यातलं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक आदरणीय धनराजशेठ, व्यासपीठावर बसलेले युनियनचे सलाउद्दीनभाई, ऑफिसच्या स्नेहा मॅडम, आणि ज्यांच्या जन्मतारखा मला अजूनही तोंडपाठ आहेत अशा माझ्या सर्व सहकारी बंधू-भगिनींनो,

आत्ताच सलाउद्दीनभाई म्हणाले, "देवराम साहेबांनी अंबडच्या या कारखान्यात तेवीस वर्षं आपला पीएफ सांभाळला." खांद्यावर शाल असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. पण खरं सांगू? मी पीएफ सांभाळला कमी आणि तुमच्यावर खेकसलो जास्त. "आधीच्या कंपनीतला पीएफ इकडे वळवलास का? तिथं काय अंडी उबवायला ठेवलाय?" हे ज्यानं माझ्याकडून ऐकलं नाही, त्यानं हात वर करावा. बघा, एकही नाही.

आता एक कबुली देतो. गेल्या महिन्यात, माझ्या जागेवर येणाऱ्या शोएबनं माझ्या निवृत्तीची फाईल काढली आणि हळूच म्हणाला, "सर, तुमचाच जुना पीएफ ट्रान्सफर झालेला नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी म्हटलं, राहून गेलं असेल. शोएब, खोटं बोललो रे. राहून गेलं नव्हतं, मी ठेवलं होतं.

इथं येण्याआधी नऊ वर्षं मी सिन्नरच्या कंपनीत होतो. तिथला नॉमिनीचा फॉर्म माझ्या बायकोनं, सवितानं भरला होता, कारण माझं अक्षर तिला बघवत नसे. नॉमिनी म्हणजे काय, ते मी तिला समजावून सांगितलं. तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेल्यावर हे पैसे मला? नको ती भानगड. मीच आधी जाते."

बाई शब्दाची पक्की निघाली, मी इथं यायच्या आधीच गेली. मूलबाळ नव्हतं. रेशनकार्डावरचं, बँकेतलं, गॅसच्या पुस्तकातलं तिचं नाव मीच एकेक करून कमी केलं. एवढं एकच खातं उरलं होतं, जिथं ते तसंच होतं. म्हणून हात लावला नाही. पडून राहिलेल्या खात्यावर व्याज बुडतं, हे मला काय शिकवताय, मीच तुम्हाला शिकवलंय!

शोएबनं ट्रान्सफरचा अर्ज टाकला. मग पेन्शनसाठी नवा नॉमिनी हवा होता. नाव, जन्मतारीख, फोटो. तुम्हा तीनशे जणांचे नॉमिनी मी भरले, कुणाची आई, कुणाची लेक. माझ्या रकान्यासमोर मात्र अर्धा तास बसून राहिलो. कुणाला म्हणू, की बाबा रे, माझ्यामागे हे पैसे तुझे? शोएबनं बिचाऱ्यानं दोनदा चहा आणून ठेवला.

शेवटी सटाण्याला भाचीला, तेजस्विनीला फोन केला. अकरा वर्षांनी. फोटो मागितला तशी पोर घाबरली. "मामा, तुमनी तब्येत बरी शे ना?" म्हटलं, बरी आहे गं, नॉमिनीत तुझं नाव टाकायचंय. मग विचारते, "मंग मामीनं नाव?"

मामीचं नाव कुठं जाणार, म्हणते. मी तिची जन्मतारीख लिहून घेतली आणि फोन ठेवला.

परवा ट्रान्सफर झालं. सविताचं नाव असलेल्या खात्यात आता शिल्लक शून्य. तिला नको होती ती भानगड एकदाची मिटली.

असो. कार्यक्रम आनंदाचा आहे, मी उगीच लांबण लावली. शेठ, आपण वेळ काढून आलात, कॅन्टीनवाल्या मंडळींनी जिलेबी केली, साऱ्यांचा मी ऋणी आहे. जन्मतारखेतल्या एका आकड्यासाठी ज्यांचे फॉर्म मी तीन-तीनदा परत पाठवले, त्यांनी मोठ्या मनानं ते विसरून जावं. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर तेही पोटात घालावं.

शोएब हुशार आहे, तो सगळं नीट करेल. तरीही कुणाचं काही अडलं, तर मला फोन करा. अडलं नाही तरी करा. उद्यापासून मी घरीच असतो.