गुप्त कामगिरीवर शिऱ्याचा डबा

...नाही, मला एक सांगा, गुप्त कामगिरीवर निघालेला माणूस बरोबर शिऱ्याचा डबा घेतो का? पोलीस कोपऱ्यावर थांबणार, आपण गिऱ्हाईक असल्याचं नाटक करायचं, सगळं ठरलेलं, आणि आमची सरस्वती सकाळी सकाळी गॅससमोर उभी राहून कणीक भाजतेय, वर गूळ किसतेय! मी म्हटलं, अगं, हे काय चाललंय? तर मान वर न करता म्हणते, "बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं जातात का?"

बाळंतीण म्हणजे कुत्री बरं का. तुम्हाला सांगतो, आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राजसी म्हणून मुलगी राहते. नोकरी सांभाळून ती पिल्लांच्या कारखान्यांविरुद्ध लढते. हो, कारखानेच ते. अंधाऱ्या खोलीत पिंजरे, पिंजऱ्यात कुत्र्या, एक वेत संपलं की दुसरं, आणि पिल्लू चालायला लागायच्या आत आईपासून तोडून, आंघोळ घालून, रिबीन बांधून विकायचं. आई थकली की तिला हायवेला सोडून द्यायचं. उल्हासनगरात असा एक गाळा राजसीला सापडला होता. आत एक लॅब्रेडोर, तिचं हे शेवटचं वेत, आता तिला कधीही फेकतील. तिला सोडवायची तर आधी कुणीतरी आत जाऊन ती डोळ्यांनी बघायला हवी, आणि राजसीचा चेहरा तिथल्या माणसाला पाठ. म्हणून ती आमच्याकडे आली. "काका, तुम्ही दोघं इतके साधे दिसता ना, कुणाला संशयच येणार नाही." हे कौतुक होतं की काय होतं, माझं अजून ठरत नाहीये.

"काकू, जास्त बोलायचं नाही. फक्त म्हणायचं, पिल्लांची आई दाखवा. ती दिसली की काका मला मिस्ड कॉल देतील आणि तुम्ही बाहेर." एवढं सोपं. पण पाठवताय कोणाला? सरस्वतीला!

अहो, आम्ही दोघं अंबरनाथ पूर्वेला एकाच चाळीत वाढलो. तेव्हा कुत्रं विकत मिळतं हेच कुणाला माहीत नव्हतं. कुत्रं असायचं. आमच्या चाळीची ठमी होती, पांढरी, एक कान काळा, आणि ती कोणाची असं विचारलं तर सगळे म्हणायचे, आमची. ठमी व्यायली की शाळा गेली खड्ड्यात, फ्रॉकमधली ही सरस्वती पातेलं घेऊन सगळ्यात पुढे, मागे आम्ही पोरं, आणि दारोदार एकच आरोळी, "ठमी व्यायली, शिऱ्याला द्या हो!" कुणी मूठभर कणीक घालायचं, कुणी गुळाचा खडा, आणि कोपऱ्यातल्या खोलीतल्या त्या खाष्ट जोशीण काकू, ज्या आमचा चेंडू कधी परत द्यायच्या नाहीत, त्या गुपचूप चमचाभर तूप सोडायच्या आणि म्हणायच्या, "तिलाच द्या, मेल्यांनो, तुम्ही गिळू नका." मग चाळीमागे तीन विटांची चूल, डोळ्यांत धूर, शिरा खालून करपलेला, वरून कच्चा. ठमी तो खायची आणि आम्ही तिच्यासमोर उकिडवे बसून बघायचो. काय दिवस होते हो... आता त्या जागी टॉवर आहे. वॉचमन कुत्र्याला आत येऊ देत नाही. मलाही दोनदा अडवलं.

तर असा इतिहास असलेली बाई डबा घेऊन रिक्षात बसली. मी म्हटलं, अगं, निदान पिशवीत तरी लपव. "लपवायला मी काय चोरी करतेय? बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं..." बरं बाई, बरं.

गाळा म्हणजे पूर्वी जीन्स शिवायचा कारखाना. बाहेर सनी नावाचा तो माणूस. इतका गोड बोलणारा की मला वाटलं पत्ता चुकला. "या ना अंकल, आंटी बसा, थंडा मागवू?" टोपलीत चार पिल्लं. एकाच्या गळ्यात घंटी. मला तर ती तेव्हाच घरी न्यावीशी वाटली, काय सांगू. सरस्वती ढिम्म.

"आई कुठाय?"

"आंटी, मम्मी ना, फार्महाऊसला असते. एसीमध्ये."

"ओल्या बाळंतिणीला पोरांपासून तोडून एसीत ठेवलंत?"

सनी गडबडला. आत जाऊन तो एक गुबगुबीत, तुकतुकीत लॅब्रेडोर घेऊन आला. "ये देखो आंटी, मम्मी. एकदम हेल्दी." पिल्लांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरस्वतीनं चष्मा लावला, डबा हातात धरून वाकली, खालून नीट बघितलं आणि सरळ होत शांतपणे म्हणाली, "अहो, हा यांचा कुणीतरी काका आहे."

आणि गेली ना तरातरा आत, पडदा सारून! सनी "आंटी, उधर नहीं, उधर नहीं" करत मागे, त्याच्यामागे मी. आत काळोख, वास असा की डोळ्यांतून पाणी. एका पिंजऱ्यात ती. हाडं वर आलेली, पोट लोंबलेलं. माणूस बघून ती उठलीसुद्धा नाही, नुसती आणखी कोपऱ्यात सरकली. ठमी आम्हाला बघून शेपटीनं अंगण झाडायची हो. कंबर दुखते म्हणून देवासमोर खुर्चीवर बसणारी आमची ही, त्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसली, पिंजऱ्याची कडी काढली, डबा उघडला आणि म्हणाली, "आले गं. जरा उशीरच झाला."

मी मिस्ड कॉल लावला. आता समोरच्यानं उचलला तर बोलायला नको का? मी म्हटलं, "हां राजसी, बरी आहेस ना?" झालं! "कौन राजसी?" म्हणून सनी ओरडायला लागला, पिंजऱ्यांतली सगळी कुत्री भुंकायला लागली, आणि त्या गोंधळात सरस्वतीचा आवाज, "ओ, हळू बोला, ती आत्ता कुठे पहिला घास घेतेय." पोलीस आत आले तेव्हा ती कुत्री डबा चाटत होती.

पिल्लांना लगेच घरं मिळाली. लोक अक्षरशः भांडले त्यांच्यासाठी. आईला विचारायला कुणी आलं नाही. म्हणजे ती कुठे येणार, कळलं ना तुम्हाला? नाव अजून ठेवलेलं नाही, सरस्वती तिला "अगं" म्हणते. त्यामुळे मी "अगं" म्हटलं की दोघी बघतात आणि येत कुणीच नाही.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या मजल्या-मजल्यावर तान्ही बाळं आहेत, आणि कुठलंही रडलं की ही कुत्री ताडकन उठून दाराशी उभी राहते. तिची किती पिल्लं नेली असतील हो तिच्यासमोरून... मग दार उघडावंच लागतं. तिला ते बाळ लांबून दाखवायचं, ते गप्प झालं की मगच ती घरी येऊन झोपते. लिफ्ट आहे, पण जाळीच्या दाराची, आणि जाळी दिसली की ही चारी पाय रोवून उभी. म्हणजे जिने. माझ्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, कारण लोकांच्या बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं जातात का?

परवा डॉक्टर माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे बघून म्हणाले, "काका, जिने चढणं आजपासून एकदम बंद." मी म्हटलं, चालेल डॉक्टर. फक्त ते आमच्या सहाव्या मजल्यावरचं बाळ आहे ना, त्याला तेवढं तुम्ही समजावून सांगा.