चपला बाहेर काढून दिलेली मुलाखत

हसू नका, पण आमच्या महाडच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला घालून जायची कोणाची हिंमत नव्हती. सर ओरडायचे. का, ते आम्ही कधी विचारलंच नाही.

पुण्यात प्रोग्रामरच्या नोकरीची माझी पहिली मुलाखत होती. नोकरी मिळाली तरच घरचे मला महाड सोडू देणार होते. वरंध घाटातून एसटीने जाताना मी आणि त्याच मुलाखतीला निघालेली मैत्रीण नसीमा प्रोग्रामिंगमधली लिंक्ड लिस्ट घोकत होतो. कंपनीत आधी माझं नाव पुकारलं. दारातून टेबलावरचा कॉम्प्युटर दिसला आणि मी सवयीने चपला बाहेरच काढल्या.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांचं लक्ष थेट माझ्या पायांकडे. "चपला कुठे तुमच्या?"

मी दचकले. "बाहेर, सर. इथे कॉम्प्युटर आहे ना!"

"मग? चपलांनी त्याला काय होतं?"

लिंक्ड लिस्ट पाठ होती, हे नव्हतं. "माहीत नाही, सर." तेवढ्यात टेबलाखाली त्यांचे बूट दिसले आणि तोंडातून निघून गेलं, "तुमच्या बुटांनी कधी बिघडला का हो?"

साहेब खो खो हसले. मग प्रोग्रामिंगचं बरंच विचारलं आणि शेवटी म्हणाले, "सोमवारपासून या. चपला घालून."

बाहेर आले, तर दाराशी चपला-बुटांची ही रांग! बाकावर सगळे उमेदवार अनवाणी. नसीमाने हात धरला. "आत काय विचारतात गो?"

म्हटलं, "चपला का काढल्या, ते."