रुसलेल्या आमदाराचं नाव सगळ्यात वर

कोणाचाच विश्वास नव्हता, सांगते तुम्हाले, एकाचाही नाही, घरच्या नवऱ्याचाही नाही, अन् आता तेच लोक चावडीवर छाती फुगवून बसून राह्यले... मी म्हणलं होतं, फाट्यावर फ्लेक्स लावू, पेशंटच्या कायद्याले पाठिंबा देणाऱ्या आमदारांचे आभार, मोठ्या अक्षरात, जालन्याच्या गाड्या थांबतात तिथं. तर आमचे हे, गुलाबराव, म्हणतात, "अवं, मतदान झालंच नाही अजून, आभार कायचे?" आता तुम्हीच सांगा, लग्नाची पत्रिका लग्नाच्या आधी छापतात का नंतर? पण चौथी शिकेल बाईचं ऐकते कोण.

कायदा कोणता ते सांगते, नाहीतर म्हणसान बाई भरकटली. माझी जाऊ, छाया, तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. हप्त्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायले जाते. सरकारी योजनेच्या कार्डावरचा इलाज सरला की दवाखान्यातला माणूस म्हणते, "ताई, आता पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी? रक्त काय गोधडी आहे, वर्षातून एकदा धुवायले? तर या कायद्यात होतं की इलाज मधात तोडायचा नाही. तसं माझं अन् छायाचं सहा वर्षांपासून बोलणं नाही, दोघींच्या अंगणाच्या मधातल्या निंबावरून. पण भांडायले तरी जिती पाहिजे ना ती.

सरपंच अर्जुनराव हसले. "झुंबरबाई, विधानसभा काय तुमचा बचत गट आहे?" म्हणलं, हाव, हात वर केल्याशिवाय ठराव इथंही होत नाही अन् तिथंही. फक्त आमच्या गटात झोपत कोणी नाही.

मग शाळेतल्या धम्मशीला मॅडमनं पेपर पाहून आमदारांची नावं काढून देल्ली. आमच्या इकडचे एक साहेब मात्र तळ्यात-मळ्यात करून राह्यले होते. मॅडम म्हणे, "यांचं नको टाकू मावशी, यांचा पाठिंबा नाही." म्हणलं, त्याचंच पहिलं टाक. काऊन? अहो, रुसेल चुलत्याचं नाव पत्रिकेत कुठं टाकतो आपण? सगळ्यात वर. मग तो फेटा बांधून पहिल्या पंगतीत येते का नाही? न येऊन सांगते कोणाले... पण चौथी शिकेल बाईचं ऐकते कोण. ऐकलं एकट्या जावेदनं, दुसरबीडच्या फ्लेक्सवाल्यानं, कारण त्याची अम्मी नूरबी छायाच्या बाजूच्याच मशीनवर असते.

लागला फ्लेक्स. वर साहेब हात जोडून हसून राह्यले, खाली ओळ, 'आमच्या पेशंटांचे पाठीराखे'. चौथ्या दिवशी त्यांचीच गाडी फाट्यावर थांबली. काच खाली, साहेब स्वतःलेच पाहून राह्यले. तेवढ्यात देऊळगाव राजाची बस आली, मशीनवरून रक्त धुवून येणाऱ्या बाया उतरल्या, गाडीले गराडा. एक म्हणते, "साहेब, देवासारखे धावले तुम्ही." नूरबीनं तर काचेतून हात घालून साहेबाच्या डोक्यावरच ठेवला, "जियो बेटा." आता त्या माणसानं 'मी नाही त्यातला' कोणत्या तोंडानं म्हणावं?

मतदानाच्या दिवशी सारं गाव टीव्हीसमोर. साहेबाचा हात वर. कायदा पास. मनापासून ज्यांनी हात वर केला त्यांचे आभार, अन् लाजेकाजेस्तव ज्यांनी केला त्यांचे दुप्पट, त्यांले जड गेलं ना.

पेपरवाला आला, "ही कल्पना कोणाची?" अर्जुनराव खाकरून पुढं, "गावाची." गुलाबराव म्हणतात, "म्हणजे सुचली मलेच." मी चहा ठेवला. चौथी शिकेल बाईचं ऐकते कोण.

मग दोन दिवसांनी साहेबाचा माणूस आमच्या अंगणात आला, तणतणत. "न विचारता साहेबांचा फोटो लावायची हिंमत कोणाची झाली?" सरपंच आभाळाकडं पाहे, आमचे हे चपलीकडं. अन् आमची छाया, नुकतीच मशीनवरून आलेली, त्याच निंबाखाली बाजेवर पडलेली, सहा वर्षांत माझं नाव न घेतलेली, ती उठून बसली, माझ्याकडं बोट केलं, अन् साऱ्या गावाले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झुंबरबाई."