जवायायचा घाम

आमच्या दोन जवायायचं भांडण सांगतो तुमाले. एक नोकरीले मुंबईत, दुसरा चेन्नईत. मे महिन्यात दोघंही वाशीमले आले अन् कोनाच्या शहरात जास्त घाम येते, यावर जुंपली.

"आमच्याकडं टॉवेल वाळत नाही," मुंबईवाला म्हने.

"आमच्याकडं मानूसच वाळत नाही!" चेन्नईवाला म्हने.

बाबा वैतागले. त्यायनं खोलीच्या सगळ्या खिडक्या लावल्या अन् पान्यानं भरलेला कूलर चालू केला. "बसा आत, जवाईबापू. जो आधी बाहेर येईन, तो हारला."

बंद खोलीत कूलर म्हंजे नुसती चिकचिक! दहा मिनिटांत दोघंही चिंब होऊन एकदमच बाहेर पडले, भर दुपारच्या उन्हात.

"वा! काय गार हवा आहे इथं!" दोघंही एका सुरात म्हनाले.

आई घाबरून मले ओरडली, "अरे, कांदा आन लवकर! दोघायलेही ऊन लागलं!"