हिरव्या पट्टीवरचा लाल शब्द

ओतूरच्या स्टँडवर आळेफाट्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बयाबाईंचे कान शेजारच्या बापलेकांकडे लागले होते. पोराच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"आण्णा, दिसलं! लई भारी दिसलं!"

"काय दिसलं, रुपेश? काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं हायेत."

"शब्द शोधला की त्याच्याखाली पट्टी उमटती. आधी हिरव्या पट्टीवर लाल अक्षरं यायची. मला शब्दच दिसायचा न्हाई. वाटायचं, ह्यो लिहायचा एडिटरच बिघडलाय."

"मंग दुरुस्त केला व्हय?"

"त्यो चांगलाच व्हता! हापिसातली प्रज्ञाताई म्हणली, तुला लाल-हिरवं येगळं दिसत न्हाई. मंग मी सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली. निळी पट्टी, पिवळी अक्षरं. आता बघा, कसं झक्क!"

"म्हंजी तुला लाल आन् हिरवं..."

"सारखंच दिसतं. जन्मापासनं."

"मंग टमाट्याच्या तोड्याला काय करायचास?"

"हाताला मऊ लागंल ते तोडायचो."

"आन् कच्चा माल क्रेटात टाकला म्हणून मी तुला सगळ्या बायांदेखत आंधळा म्हणायचो."

"जाऊ द्या वो, आण्णा! ह्ये निळं तर बघा!"

गाडी लागली. बयाबाई पिशवी घेऊन उठल्या, पण त्यांचा पाय निघेना.

"रुपेश."

"काय, आण्णा?"

"ती एक ओळ टमाट्यासाठी न्हाई का रं लिहिता येत?"