मोटारीच्या गादीखालचे बिबे

हसू नका गं, मला अजून संताप येतो. आमच्या ह्यांनी नगरहून जुनी मोटार आणली अन् उघड्या बाळाला मागच्या गादीवर बसवून गावभर मिरवलं. दुसऱ्या दिवशी बाळाच्या मांड्यांवर फोड! देवी आल्या म्हणून मी दाराला लिंबाचा पाला बांधून रडत बसले. डॉक्टर म्हणाले, "बाई, देवी न्हाईत, हा बिबा उतलाय. बिब्याचं तेल कातडीला लागलं की असे फोड येतात."

मी तडक मोटारीची गादी उचकटली. खाली फडक्यात बसून बसून चेंगरलेले बिबे, तेल पार वरपर्यंत झिरपलेलं!

हे म्हणतात, "मीच लपवले. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून."

"गाडीला? अन् लेकराला?"

"ते ध्यानात न्हाई आलं."

"मग आता धोतर वर करा अन् बसा तिथंच. गाडीला काही होत न्हाई!"