डब्यात तारू नव्हतं

(भाईंदर पूर्वेला, नवघरमधला एक औद्योगिक गाळा. शिवांगी, तिचे वडील गोपीनाथ आणि नुकताच आत आलेला तिचा भागीदार यतीन. फरशीवर सहा चाकांची एक छोटी गाडी फिरतेय.)

शिवांगी : नाही यतीन, हे सरावाचं मॉडेल नाही. सरावाचं ते बघ, कपाटावर आहे. हे आपलं तारू आहे. मधल्या चाकाजवळचा डाग माझ्या सोल्डरिंगचा. हे आत्ता चंद्रावर असायला हवं.

यतीन : कुठे मिळालं तुला?

शिवांगी : मागच्या खोलीत, थर्माकोलच्या ढिगाखाली. पसारा काढायला बाबांना घेऊन आले होते. रिकामं म्हणून खोकं उचलायला गेले, तर जड. बॅटरी लावली, जागं व्हायची कमांड पाठवली. एका हाकेत उठलं.

गोपीनाथ : बोल्लो, बस जरा. न्हाय बसली.

यतीन : काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का? कंपनीचं बोलायचंय.

गोपीनाथ : न्हाय. मी हितंच हाय.

शिवांगी : वर काय पाठवलंस?

यतीन : तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. डबा सील करून.

शिवांगी : का?

यतीन : बंगळुरूला हादऱ्यांची टेस्ट झाली तेव्हा तू आईच्या ऑपरेशनसाठी इथे होतीस. टेस्टमध्ये पुढचा सांधा तडकला. फरशीवर चालेल ते, पण रॉकेटमध्ये तुकडे झाले असते. लँडर दुसऱ्यांचं, उड्डाणाची तारीख ठरलेली. वजन कमी झालं तर त्यांचा तोल जाणार, म्हणून ते म्हणाले, ठोकळा द्या. त्यांना माहीत होतं. इथे कुणाला सांगितलं नाही मी. गुंतवणूकदारांना पण नाही.

शिवांगी : आणि मला?

यतीन : तुला खोटं बोलता आलं नसतं.

शिवांगी : उतरल्यावर काय करणार होतास?

यतीन : खरं सांगू? मला वाटलेलं, उतरणारच नाही. बहुतेक लँडर आपटतात. आपटलं असतं तर कुणी काही विचारलंच नसतं.

शिवांगी : पण ते उतरलं. सरळ उभं राहिलं. आपण सगळे इथे टाळ्या वाजवत होतो. तूही वाजवल्यास. प्रवासात तारूला वीज मिळणार नाही, उतरल्यावरच ते बोलेल, असं तूच सांगितलेलंस, म्हणून मला शंका आली नाही. तिथे ऊन होतं तोवर मी हाका मारत बसले. सगळा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडेना, म्हणून स्वतःलाच मूर्ख ठरवलं. मग पत्रकारांसमोर सांगितलं, दोष माझ्या प्रोग्रॅमचा आहे. तू शेजारी होतास, यतीन. मी बोलत असताना पाण्याची बाटली पुढे सरकवलीस.

यतीन : वाटलं होतं, पुढच्या मोहिमेत भरून काढू. तारू चाललं की मागचं कोण काढतंय?

गोपीनाथ : मी काढतो ना. आमच्या राई गावात जो भेटंल तो इचारायचा, पोरीची गाडी का न्हाय चालली? मी सांगायचो, चुकली बिचारी. माझ्याच तोंडानं. घरात पन तिलाच बोल्लो, ध्यान कमी पडलं तुजं. तिची आय गप झाली त्या दिवशी. मी न्हाय झालो गप.

शिवांगी : बाबा, राहू दे.

गोपीनाथ : राहू दे कसं? माझी पोर हाय, आन मी इश्वास याच्यावर ठेवला.

यतीन : शिवांगी, नवीन लँडरवर जागा मिळतेय आपल्याला. बोलणं जवळजवळ झालंय. हे बाहेर गेलं तर गाळाच बंद होईल. ममता, मितेश, इथे काम करणारी सगळी घरी बसतील. त्यांचा तरी विचार कर.

शिवांगी : त्यांचाच केला. फोन केलाय सगळ्यांना, येतीलच. ते आले की तू सांगायचंस. पत्रकारांनाही तूच. तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन.

यतीन : आणि मग तू काय करणार?

शिवांगी : माहीत नाही. माझा प्रोग्रॅम चालतो, एवढं कळलंय आज. कुठेतरी लागेल कुणाला.

यतीन : सांगतो मी. सगळं सांगतो. पण त्याआधी तू... मला माफ कर.

शिवांगी : सगळं संपल्यावर तू राईला आमच्याकडे जेवायला आलेलास. ओट्यावर मी रडत होते, तुझी माफी मागत होते. तू म्हणालास, केलं माफ, विसर आता.

यतीन : शिवांगी...

शिवांगी : जरासुद्धा अडखळला नाहीस.